नमुना क्रमांक शून्य

प्रतिपालक व्हायचं की नाही हे पंधरा दिवसांत कळवा, असं कार्यालयाचं पत्र आलं, तेव्हा माझ्या नवऱ्याने ते पूर्ण वाचायच्या आतच हो म्हटलं. तो दवाखान्यांसाठी कवळ्या आणि दात बनवतो. तोंडाचं माप आलं की दात करायला घ्यायचा, असं त्याचं काम. मी शहराच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत आहे. माझ्या कामात घाईने हो म्हटलं तर लोकांना जुलाब होतात.

मूल दत्तक घ्यायचं नव्हतं. नऊ वर्षांच्या एका मुलीला आमच्या घरी सांभाळायचं होतं, तिच्या घरचं काही मार्गी लागेपर्यंत किंवा ती अठरा वर्षांची होईपर्यंत. आम्ही तिला एकदाच भेटलो होतो, वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत, वीस मिनिटं. तिथे तिला सगळे पाहुणी म्हणत, कारण याआधी ती तीन घरांत राहून परत आली होती. त्या वीस मिनिटांत तिने एकच गोष्ट विचारली: तुमच्याकडे काय केलेलं चालत नाही? नवरा म्हणाला, सगळं चालतं. हे उत्तर आधी तीनदा ऐकल्यासारखी ती मान हलवून खिडकीबाहेर बघायला लागली. मी म्हणाले, विचार करून सांगते. तेव्हा तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

मला मुलीची भीती वाटत नव्हती. चौथं घर होण्याची वाटत होती. महिनाअखेरीला वसतिगृहाचा तो मजला बंद होणार होता आणि ज्यांना घर मिळालेलं नसेल त्या मुलांना दूरच्या एका मोठ्या संस्थेत पाठवणार होते. म्हणजे माझा विचार पंधरा दिवसांत व्हायला हवा होता, आणि मला विचार करायची एकच पद्धत येते.

आमच्याकडे पाण्याचा कुठलाही नमुना तपासण्याआधी ब्लँक काढतात. बाटली तीच, रसायनं तीच, पायऱ्या त्याच. फक्त आत नमुन्याऐवजी शुद्ध पाणी. त्यात जे काही सापडेल ते पाण्यातलं नसतं. ते आपल्या बाटलीचं, आपल्या हातांचं असतं, आणि ते नंतर नमुन्याच्या आकड्यातून वजा करायचं असतं. हे न करणारा माणूस आपल्या बाटलीचा मळ विहिरीच्या नावावर लिहितो. पाहुणीच्या बाबतीत तीन घरांनी नेमकं हेच केलं असणार, असा मला संशय होता. मी नवऱ्याला म्हटलं, आपण आधी घराचा ब्लँक काढू. सात दिवस सगळं मूल असल्यासारखं करायचं, फक्त मूल नसेल. जे बिघडेल ते आपलं.

त्याने मला विचारलं की हे तू गंभीरपणे म्हणतेयस का. मी हो म्हटलं. मग तो माझ्यापेक्षा गंभीर झाला.

कडक पुठ्ठ्याची एक वही आणली. पहिल्या पानावर मी लिहिलं: नमुना क्रमांक शून्य, वय नऊ. नियम प्रयोगशाळेचेच ठेवले. नोंद शाईने, वेळेसकट. खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, सही, तारीख. नोंदीत माणूस येऊ द्यायचा नाही. ‘मी पाणी ओतलं’ असं आमच्याकडे कोणी लिहीत नाही, ‘पाणी ओतले’ असं लिहितात. आणि ब्लँकला अगदी नमुन्यासारखं वागवायचं. आमचे जुने साहेब म्हणायचे, ब्लँकला आपण ब्लँक आहोत हे कळता कामा नये.

सोमवारी सकाळी सात वीसला तिसऱ्या खुर्चीसमोर दोनशे मिलीलीटर दूध ठेवलं. सात बाविसला ते नवऱ्याच्या कोपराने सांडलं. मी लिहिलं: दूध दिले. सांडले.

संध्याकाळी पाच चाळीस ते सहा ही न्हाणीघराची वेळ होती. दार लावून घ्यायचं आणि वीस मिनिटं कोणी आत जायचं नाही. पहिल्या दिवशी नवरा कामावरून आला तो हाताला प्लास्टरची भुकटी लागलेली, आणि दाराबाहेर हात पुढे धरून उभा राहिला. दहा मिनिटांनी त्याने दारावर टकटक केली आणि म्हणाला, आटप रे ब्लँकू, इथे माणसं खोळंबलीत. त्यानंतर नाव तेच पडलं.

मंगळवारी आमचं त्या नसलेल्या मुलाच्या झोपेच्या वेळेवरून भांडण झालं. साडेआठ, असं माझं म्हणणं. तो म्हणाला, नऊ वर्षांचं मूल साडेआठला झोपत नाही, मी झोपत नव्हतो. मी म्हटलं, म्हणूनच तुझं असं झालंय. नोंद: ८.३०, आवाज चढले, अकरा मिनिटे. त्याने साक्षीदार म्हणून सही केली.

बुधवारी माझी नणंद आली. ती शिवणकाम करते आणि दुसऱ्याच्या घरात शिरताना आधी पडद्याच्या शिवणीकडे बघते. ती सरळ तिसऱ्या खुर्चीत बसली. नवरा म्हणाला, तिथून ऊठ, ब्लँकूची जागा आहे. ती उठली, सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, वहिनी, दादा आधीपासून असाच आहे, पण तुमच्यावर आमची भिस्त होती. मग चहा पिताना म्हणाली की लोकांना मुलं होतात, लोक मुलं आणतात, पण नसलेल्या मुलाला शिस्त लावणारं घर तिने पहिल्यांदाच पाहिलं. जाताना मात्र दारात थांबली.

“स्वेटर करते एक. माप काय घेऊ?”

“सध्या शून्य,” नवरा म्हणाला.

“मग वाढत्या अंगाचा करते,” ती म्हणाली, आणि शुक्रवारी खरंच घेऊन आली. निळा, कोपरांना दुहेरी विणीचा. आम्ही तो खुर्चीच्या पाठीला अडकवला.

गुरुवारी नवऱ्याने वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ४.१०, दुधाची दाढ पडली. मी विचारलं, हे काय. तो म्हणाला, नवव्या वर्षी वरची पहिली दुधाची दाढ हलायला लागते, तुझ्या वेळापत्रकात ती धरलेलीच नव्हती. आणि खिशातून काडेपेटीएवढी डबी काढून उघडली. आत कापसावर दाढ होती. मुळं झिजलेली, एका कडेला बारीक कीड. त्याचं त्या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम असावं. डबी आम्ही वहीशेजारी ठेवली.

त्यानंतर शनिवारी पाच पंचेचाळीसला दारावरची घंटा वाजली. कार्यालयाच्या तपासणीच्या बाई होत्या. न कळवता येणं हा त्यांच्या कामाचा भाग. त्या बसल्या, वही उचलली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. मला जरा बरंच वाटलं. नोंदी स्वच्छ होत्या, सगळ्या वेळा लिहिलेल्या होत्या. सहा दिवसांत तीनदा दूध सांडलं होतं, एक कप फुटला होता, दोन भांडणं झाली होती, एकदा दिवा रात्रभर चालू राहिला होता. बाईंनी सावकाश वही मिटली. म्हणाल्या की बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी अशी नोंद पाहिली नव्हती. इतकं सांडलं, फुटलं, आणि एकाही ठिकाणी मुलाला दोष दिलेला नाही.

मग त्यांनी विचारलं, मूल कुठे आहे. नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं. पाच पंचावन्न झाले होते. तो म्हणाला, न्हाणीघरात.

त्याने खोटं सांगितलं असं मला आजही म्हणता येत नाही. वेळापत्रकाप्रमाणे ते बरोबर होतं.

मी उठले आणि स्पष्ट म्हटलं, “मॅडम, आत कोणी नाही.”

बाईंनी माझ्या दंडावर हात ठेवला. “पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच तसं वाटतं,” त्या म्हणाल्या. “जिव्हाळा हळूहळू येतो.”

त्या दारापाशी गेल्या, हलक्या आवाजात विचारलं की बाळा, बरं आहेस ना, काही हवंय का. उत्तर आलं नाही. त्यांनी कागदावर लिहिलं: मितभाषी. मी दार उघडून दाखवणार होते, तर त्यांनी मला अडवलं. न्हाणीघरातल्या मुलाचं दार उघडणं हे नियमांत बसत नव्हतं, आणि मी तसं करू बघतेय याची त्यांनी नोंद घेतली. जाताना त्यांना डबी दिसली. दाढ उजेडात धरून त्या म्हणाल्या, कीड आहे, दाखवून घ्या.

मंगळवारी पत्र आलं. नमुना क्रमांक शून्य, वय नऊ, याची आमच्या घरातली नियुक्ती कायम केली होती. मंजूर जागा एक. भरलेली जागा एक. शिल्लक जागा शून्य. पाहुणीचा आमच्याकडचा प्रस्ताव त्यामुळे आपोआप बंद झाला होता, आणि तिचं नाव दूरच्या संस्थेच्या यादीत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रजा काढून कार्यालयात गेलो. लांब बोळ, दोन्ही बाजूंना बाक, टोकाला बाईंची खोली. मी सगळं क्रमाने सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, समजा तुमचं बरोबर आहे. तरी नोंदीतलं मूल चारच प्रकारे कमी होतं. स्वतःच्या घरी परत जातं. नवऱ्याने विचारलं, त्याचं घर कुठलं. तुमचंच दिसतंय, बाई म्हणाल्या. किंवा अठरा वर्षांचं होतं. त्याला अजून नऊ वर्षं होती. किंवा मरतं, आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. तो म्हणे कुठलाच डॉक्टर मूल बघितल्याशिवाय देत नाही. किंवा पालक ते परत करतात.

“पण मूल नाहीच आहे,” मी म्हटलं.

“मग दाढ कोणाची?”

“माझी,” नवरा म्हणाला. बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. “म्हणजे मी केलेली,” तो म्हणाला, आणि त्यांनी पुन्हा काहीतरी लिहिलं.

मूल अस्तित्वातच नाही हे कारण नवीन नाही, असंही बाई म्हणाल्या. त्यांच्या आठवणीत निदान चार कुटुंबांनी ते दिलं होतं. त्यातलं एक मूल चौतीस किलोचं होतं.

त्यांनी गुलाबी कागद पुढे केला. परत पाठवण्याचा अर्ज. परत पाठवणाऱ्या घराला दोन वर्षं दुसरं मूल मिळत नाही, हे त्याच्या तळाशी छापलेलं होतं. म्हणजे ब्लँकूला ठेवलं तर पाहुणीला जागा नाही, आणि पाठवलं तर आम्ही अपात्र. नवऱ्याने विचारलं, दोन मुलांची परवानगी मिळत नाही का. मिळते, बाई म्हणाल्या. दोन पलंग लागतात, दोन्ही मुलांची संमती लागते, आणि सगळ्यात आधी पालकांची खात्री लागते. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या कागदावर न्हाणीघराच्या दाराचा प्रसंग होता. त्या म्हणाल्या, बाहेर बसा, ठरवा, आणि दोनांपैकी एक अर्ज भरून आणा.

नवरा पलंगाची मापं लिहायला कागद शोधत खाली गेला. मी बोळातल्या बाकावर गुलाबी अर्ज घेऊन बसले. मला प्रामाणिकपणे वाटत होतं की जे खरं आहे ते लिहावं आणि मोकळं व्हावं. मूल नाही. आम्ही चौथं घर होणार नाही, कारण आम्ही घरच होणार नाही. दोन वर्षांनी पुन्हा विचार करता येईल, तोवर निदान बाटलीचा मळ कोणाच्या नावावर लागणार नाही.

“हा गुलाबी आहे,” कोणीतरी म्हणालं.

पाहुणी समोरच्या बाकावर होती. शेजारी एक बॅग. यादीतल्या मुलांची त्या दिवशी तपासणी होती. तिने मला ओळखलं होतं, पण तसं दाखवलं नाही. ती उठून माझ्या बाजूला येऊन बसली आणि अर्ज वाचायला लागली, मी पाण्याचे अहवाल वाचते तसा, थेट तिसऱ्या, कारणांच्या रकान्यापासून. चोरी. खोटे बोलणे. अंथरूण ओले करणे. जुळवून न घेणे. इतर.

“इतर लिहू नका, काकू,” ती म्हणाली. “त्याला आणखी एक कागद जोडावा लागतो. जुळवून न घेणे लिहा. माझ्या वेळी तिघांनीही तेच लिहिलं.”

मी तो रकाना पुन्हा वाचला. तिने विचारलं, “तुमच्याकडे दुसरं आलं होतं का?”

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

“काय केलं त्याने?”

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही केलं.”

तिने ते जरा वेळ मनात तोलून पाहिलं. मग विचारलं, “तरी पाठवताय?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त पद्धत कळून घ्यायची होती. तिला आजवर वाटत असावं की काहीतरी केलं की पाठवतात, आणि ते नेमकं काय हे कळलं की करायचं थांबवता येईल. म्हणून तो प्रश्न, काय केलेलं चालत नाही. आता तिच्या समोर एक बाई बसली होती जी काहीच न केलेल्या मुलाला परत पाठवत होती, आणि तिचा सगळा हिशोब कोसळायच्या बेतात होता.

मी पेन उघडलं. गुलाबी अर्जावर डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत एक रेघ मारली, सही केली, तारीख घातली.

“असं केलं की काय होतं?” तिने विचारलं.

“चूक झाली होती असं होतं. पण खालचं वाचता येतं.”

दोन मुलांचा अर्ज पांढरा होता. ब्लँकूच्या संमतीचा प्रश्न एका मिनिटात सुटला. घरात आधीपासून असलेल्या मुलाने विरोध नोंदवला नसेल तर संमती धरावी, असा नियम होता, आणि बाईंच्याच कागदावर ते मितभाषी होतं. खात्रीच्या रकान्यापाशी त्या थांबल्या. खात्री आहे का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, सहा दिवसांची आहे, वहीत आहे. पाहुणीची संमती मात्र घर पाहिल्याशिवाय चालणार नव्हती. ती भेट शनिवारी ठरली.

शनिवारी चार वाजता बाई तिला घेऊन आल्या. घरात आता दोन पलंग होते. नणंदेने दोन्हींना सारख्या कापडाच्या चादरी शिवल्या होत्या आणि एकावर चुकून एक वीत जास्त कापड गेलं होतं, ते कोणी काढायचं यावरून ती आणि माझा नवरा आतल्या खोलीत हुज्जत घालत होते. पाहुणीने सगळं पाहिलं. खुर्चीवरचा निळा स्वेटर पाहिला आणि विचारलं, हा त्याचा ना. मी हो म्हटलं. ब्लँकूचा, नवरा आतून म्हणाला. ती चौथ्या खुर्चीवर बसली. बाईंनी विचारलं, दुसरं मूल कुठे आहे. बाहेर खेळतंय, नणंद आतून म्हणाली, इतक्या सहज की मीसुद्धा खिडकीकडे पाहिलं.

दूध दिलं, दोनशे मिलीलीटर. पाहुणीने पेल्याला हात लावला आणि बाईंचा अर्ज तिच्या अंगावरून माझ्याकडे येताना त्यांची बाही पेल्याला लागली, की हिचं मनगट, ते मला सांगता येणार नाही. दूध टेबलावरून खाली गेलं. तिने हात मांडीवर घेतले, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, “गुलाबी अर्ज इथेच आहे का, की आणावा लागेल?”

मी वही आणली. तिच्यासमोर उघडली आणि बोटाने दाखवलं. सोमवार, सात बावीस, दूध सांडले. बुधवार, सात पंचवीस, दूध सांडले. शनिवार, सात एकवीस. मी सांगितलं की या घरात आठवड्याला तीनदा दूध सांडतंच. कोणी असो वा नसो. ते घराचं आहे, ते आधी वजा करायचं.

तिने तिन्ही नोंदी वाचल्या. “म्हणजे हे धरून एक,” ती म्हणाली. “अजून दोन आहेत.”

“दोन आहेत.”

नवरा दूध भरलेला दुसरा पेला घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवून मागे फडका घ्यायला वळला. तिने त्या पेल्यावर एक बोट ठेवलं. मग तो हळूहळू कडेकडे सरकवायला लागली. तिचं लक्ष पेल्याकडे नव्हतं, माझ्या तोंडाकडे होतं. बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मिटलं. पेला कडेवर थोडा वेळ अर्धा आत अर्धा बाहेर उभा राहिला, आणि पडला.

नवऱ्याने एक फडका टेबलावर टाकला आणि एक खाली. मी घड्याळ बघून लिहिलं: ४.१८, दूध सांडले.

ती माझ्या हाताखालून वाकून वाचत होती. “कोणी सांडलं ते लिहिलं नाही तुम्ही.”

“आपल्याकडे ते लिहीत नाहीत,” मी म्हटलं.

तिने माझ्या हातातून पेन घेतलं. बाईंनी लगेच संमतीचा कागद पुढे सरकवला, पण ती वहीवरच वाकली होती. माझ्या नोंदीच्या शेजारी, साक्षीदाराच्या रकान्यात, तिने सावकाश, एकेक अक्षर सुटं करून आपलं नाव लिहिलं. मग विचारलं, ब्लँकूची अंघोळ किती वाजता असते.

“पाच चाळीसला,” नवरा खालून म्हणाला.

“मग माझी आधी,” ती म्हणाली, आणि बाईंचा कागद स्वतःकडे ओढला.